कुणाचं डावं, मल्लू?

मल्लू, परवा शाळेत तुझी शोकसभा झाली. स्टेजवर टेबल, टेबलावर तुझा फोटो, आणि फोटो नेमका त्या खांबाआड गेलेला. मोठ्या बाई खालून म्हणाल्या, "फोटो जरा डावीकडे घ्या." आपल्या शिपाईमामांनी फोटो दोन्ही हातांनी उचलला, तसाच धरून थांबले आणि अगदी मनापासून विचारलं, "कुणाच्या डावीकडं, बाई?"

सगळा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला. मागच्या रांगेत तुझी रोबोची पोरं बसली होती. तिथून आधी फिस्सकन हसू आलं, आणि ते हसू अर्ध्यात कधी रडण्यात गेलं ते कुणालाच समजलं नाही. मामा बिचारे तुला छातीशी धरून उभेच.

मग मला बोलायला उठवलं. माझ्या हातात माइक दिला की तो परत घ्यायला माणसं लागतात, हे तूच सांगत फिरायचास. गॅदरिंगला एकदा माझं भाषण आवरेना म्हणून तू सरळ मागून वायर उपटली होतीस. परवा मी माइक घेतला, "मल्लिनाथ सर" एवढं म्हणालो आणि खाली बसलो. वायर उपटायला कुणी नव्हतं, तरी आवाज गेला. तू असतास तर शेजारून म्हणाला असतास, "तब्येत बरी हाय ना बे तुझी?"

सभा संपल्यावर पोरांनी मला दारात गाठलं. पुढच्या आठवड्यात त्यांची स्पर्धा आहे आणि पुण्याला बरोबर कुणी मोठं माणूस हवंय. मी हो म्हटलं. सिद्धार्थने लगेच अट घातली, "सर, यंत्राला हात लावायचा नाही." म्हणजे तुझी अट त्यांनी पाठ केलीय.

तेव्हा जे बोललो नाही ते इथे सांगतो. दवाखान्यात तू मला एकच शब्द म्हणालास. मी तो ऐकला, त्यावर हसलो, आणि उलटा ऐकला. त्या शब्दाची भानगड तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही, आणि ती तुलाच सांगायची राहिली.

पण मला सुरुवातीपासून सांगू दे. तुला घाई असायची, आता नाही.

तू एकदा मधल्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन उभा राहिलास. मराठी शिकवणाऱ्या, हौशी नाटकं करणाऱ्या, पोट सुटलेल्या माणसाकडे विज्ञानाचा मास्तर काय मागणार?

"नाटक्या, तुझं काम पडलंय."

"नाटकात घेतोस?"

"रोबोत. पोरं यंत्र झकास करतील. पण परीक्षकांपुढं उभी राहिली की ह्यांची वाचा बसतीय. तू तेवढं बोलायला शिकव. यंत्राला हात लावू नको."

प्रयोगशाळेच्या मागच्या त्या खोलीत मी पहिल्यांदा आलो तेव्हा खिडकीतून एमआयडीसीतल्या यंत्रमागांची खटखट येत होती आणि आत चार चाकांवरचं एक ध्यान उभं होतं. त्याच्या तोंडाशी एक रूळ, आणि रुळाला गुंडाळलेला टॉवेल. लावण्याच्या वडिलांच्या मागावरचा, किनार बिघडलेला. रबरापेक्षा टॉवेलच चेंडू चांगला ओढून घेतो हा शोध त्या पोरीचा. नावही तिनेच ठेवलं होतं, धोटा. मागावर धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा. रिमोट तिच्या हातात, प्रोग्रॅम सिद्धार्थच्या डोक्यात, आणि तू दोघांच्या मध्ये, खांद्यावर पुसायचं फडकं टाकून.

तुझी एक पद्धत होती. यंत्राला काही शिकवायच्या आधी माणसाला चालवायचं. एका पोराचे डोळे बांधायचे, बाकीच्यांनी सूचना द्यायच्या आणि त्याने सांगितलं तेवढंच करायचं. मी म्हणालो, ह्याला आम्ही तालीम म्हणतो. तू म्हणालास, ह्याला आम्ही चाचणी म्हणतो. मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे पुढे झालो आणि म्हणालो, मला बांधा डोळे. मी होतो रोबो.

तू माझ्यासमोर उभा राहिलास. "सरळ ये. थांब. उजवीकडं वळ." मी वळलो. "अरे उजवीकडं!" मी आणखी वळलो. "उजवीकडं म्हटलं ना, बे!" आणि मी दोन्ही हात पसरून प्रयोगशाळेतल्या सांगाड्याच्या गळ्यात पडलो. पोरं बाकांवर लोळत होती. डोळ्यांवरचा टॉवेल काढून मी म्हणालो, "मी माझ्या उजवीकडेच वळलो."

"तुझ्या कशाला? माझ्या! सांगतोय कोण?"

तो आपला वाद तिथे जन्मला. मी म्हणायचो, रंगमंचावर उजवं ते नटाचं उजवं, प्रेक्षक कुठेही बसू दे. जो चालतो त्याचं डावं-उजवं. तू म्हणायचास, "यंत्राला कसलं आलंय डावं-उजवं? ते त्याच्यापुढं उभ्या राहिलेल्या माणसाला असतंय." सात रस्त्याच्या टपरीवर चहा पिताना आपण कप-बशा मांडून हा वाद घातलाय. चहावाल्याला पंच केलंय. तो तुझ्या बाजूने बोलला तेव्हा मी दुसरीकडे चहा प्यायला सुरुवात केली, आणि तूही माझ्यामागून तिथेच आलास.

आपल्याला ती गंमत वाटत होती. पण अर्धी पोरं माझ्याकडून शिकत होती आणि अर्धी तुझ्याकडून.

शाळेत धोटा नेहमी आपल्या पायापासून सुटायचा, तोंड पलीकडे करून. त्यामुळे त्याचं डावं आणि आपलं डावं एकच असायचं, काही बिघडायचं नाही. गेल्या वर्षी पुण्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि त्याची जागा आली पलीकडच्या टोकाला, आपल्याकडे तोंड करून. स्पर्धेचा पहिला भाग यंत्राने एकट्याने करायचा, प्रोग्रॅमवर: चेंडू गोळा करून आपल्या पेटीत टाकायचे. लावण्याने घाईघाईत कागदावर लिहून दिलं, चेंडू घेऊन डावीकडे वळायचं. तिचं डावं, म्हणजे तुझं शिक्षण. सिद्धार्थने लिहिलं धोट्याचं डावं, म्हणजे माझं.

शिट्टी झाली. धोट्याने एकूण एक चेंडू पोटात घेतला, नवरदेवासारखा ऐटीत वळला आणि सगळे चेंडू नेऊन समोरच्या संघाच्या पेटीत ओतले.

तू जागचा उठून ओरडलास. पण घाई झाली की तुझं मराठी सुटायचं आणि आईची कानडी वर यायची. "येडक्के! येडक्के!" म्हणजे डावीकडे, डावीकडे. समोरच्या संघातला एक पोरगा रडवेला होऊन पंचांकडे गेला, "सर, ते आम्हाला येडं म्हणतायत." मी मध्यस्थी करायला धावलो. म्हणालो, साहेब, त्यांच्या भाषेत येड म्हणजे डावं. पंच म्हणाले, मग ते डावीकडे गेलंय की. तू म्हणालास, हे डावं न्हवं! मी म्हणालो, हेच डावं! आणि आपण दोघं प्रौढ माणसं त्या भरल्या मैदानात हातवारे करत एकमेकांचं डावं-उजवं काढत राहिलो. एवढे प्रेक्षक मला कुठल्याच नाटकाला मिळाले नाहीत. तोवर वेळ संपली. आपली पोरं रिमोट हातात धरून आपल्याकडे बघत होती.

परतीच्या गाडीत वाद चालूच होता. दौंड गेलं तेव्हा लावण्या म्हणाली, "सर, तुमचं दोघांचं झालं असलं तर आमी बोलू का?"

आपण दोघंही तिच्याकडे वळलो.

"हितून पुढं डावं-उजवं बंद."

तू विचारलंस, "मग म्हणायचं काय?"

"धोटा टेबलावर असतो तवा त्याचं तोंड पुण्याकडं असतंय की नाही? मग त्याच्या ह्या हाताला बार्शी," तिने स्वतःचा उजवा हात हलवला, "आणि ह्या हाताला अक्कलकोट. मग तो कसा बी फिरू दे, त्याची बार्शी ती बार्शीच. तुमी समोर उभे राहा नाहीतर मागं. बार्शी काय कुणाच्या बापाची नाही."

सिद्धार्थने तोवर लॅपटॉप उघडून बदलायला घेतलंसुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा तुझं-माझं एकमत झालं. आपण दोघंही सारखेच रुसलो.

पण ती नावं चिकटली, मल्लू. धोट्याच्या दोन्ही अंगांना चिठ्ठ्या लागल्या. खोलीतून ऐकू यायचं, "अक्कलकोट गरम झालंय, बंद कर," "बार्शीचा नट ढिला हाय." तू स्वतः स्कूटरवर मला मागे बसवून म्हणायचास, "नाटक्या, बार्शीचा इंडिकेटर लागंना, जरा हात दाखव." मी हात दाखवायचो. यंत्राला हात न लावता मी ह्या जगात जेवढं उपयोगी पडलो, ते तुझ्यामुळे.

खरंच, तुझ्यामुळे. मला वाटायचं मी पोरांना बोलायला शिकवायला येतो. पण तिथे मी ऐकायला शिकलो. तू एखाद्या पोराला कधी उत्तर सांगितलं नाहीस. चाक अडलं की तू विचारायचास, "ते काय म्हणतंय?" आणि सगळी खोली श्वास रोखून एका चाकाचं ऐकायची. आम्ही नाटकवाले दुसऱ्याचं वाक्य संपायची वाट बघतो, कारण पुढचं वाक्य आपलं असतं. तू वाट बघायचास ती ऐकायला.

सकाळी मी तुला घ्यायला लवकर यायचो तेव्हा तुझी पूजा चाललेली असायची. अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं लिंग काढून तू ते डाव्या तळहातावर घ्यायचास आणि त्याच्याकडे बघत बसायचास. मी बाहेरच्या ओट्यावरून वहिनींशी मोठमोठ्याने बोलत असायचो. तू कधी वर बघितलं नाहीस. एकदा मी विचारलं, डाव्याच हातावर का? तू म्हणालास, "काम करायला उजवा हाय. हा धरायला."

मी लगेच म्हणालो, कुणाचा डावा? तू हसलास. वाद मिटव म्हटलं की म्हणायचास, "मरेपर्यंत ऐकणार न्हाय." मी म्हणायचो, बघू.

त्या दिवशी वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "भावजी, पूजेत लिंग हातातनं घरंगळलं, आणि ह्यांना समजलंच नाही." तुझ्या हातातून. मी तेवढ्यावरूनच ओळखलं.

दवाखान्यात मी पळत आलो. तू पडला होतास, तोंड एका अंगाला ओढलेलं, डोळे अर्धे मिटलेले. सिस्टर म्हणाल्या, "त्यांची डावी बाजू गेलीय. उजवीकडे बसा, त्या हाताला समजतंय." मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो, तुझ्या अगदी समोर. आणि मल्लू, ज्या माणसाने सगळी वर्षं घसा ताणून सांगितलं की जो झोपलाय, जो चालतोय, जो नाचतोय त्याचं उजवं ते उजवं, तो माणूस त्या क्षणी स्वतःच्या उजवीकडे जाऊन बसला. तुझ्या नियमाने. आयुष्यात एकदाच मी तुझं ऐकलं.

मी तुझा हात हातात घेतला. ऊब होती. म्हणून मला शंकाच आली नाही. मी बोलत सुटलो. पोरांनी नवा रूळ बसवलाय, ह्या खेपेला टॉवेल दुहेरी घेतलाय, सिद्धार्थला मिसरूड फुटतंय आणि तो ते लपवत नाही. मग आवाज खाली आणून, जे तुला कधीच मिळालं नव्हतं तेही देऊन टाकलं. म्हणालो, "मल्लू, तू जिंकलास. समोरच्याचंच डावं खरं. मी लेखी देतो. आता ऊठ."

हात हलला नाही. मी दाबला, तरी नाही. मला रागसुद्धा आला. म्हटलं, एवढं शरण आलो तरी हा अडेलतट्टू बोट हलवत नाही.

मग तुझे ओठ हलले. मी कान नेला. "येड..."

मला इतका आनंद झाला! मी पडद्याबाहेर ओरडलो, "वहिनी, मला येडा म्हणतोय! शुद्धीवर आहे!" वहिनी आत आल्या. तू पुन्हा म्हणालास, "येड..." तुझ्या डोळ्यातून पाणी आलं. मी ते पुसलं आणि म्हणालो, आहेच मी येडा, आजचा नाही. मी हसत होतो, मल्लू. वहिनी हसत नव्हत्या, पण मला वाटलं त्या थकल्यात.

तेवढ्यात लावण्या आणि सिद्धार्थ आले, शाळेच्याच कपड्यांत. सिद्धार्थ दाराशी थांबला. लावण्या पायथ्याशी आली, मघाशी मी उभा होतो तिथेच. तिने तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या तुझ्या हाताकडे बघितलं. यंत्राकडे बघावं तसं, नीट. मग अगदी हळू म्हणाली, "सर, तुमी अक्कलकोटला बसलाय. सरांची बार्शी चालू हाय."

मी उठलो. तुला वळसा घालून दुसऱ्या अंगाला गेलो. तो पलंग एवढा मोठा नव्हता, पण मला ते अंतर संपेना. तुझा उजवा हात घेतला, आणि तू माझी बोटं अशी आवळलीस की अंगठी रुतली. तोंडाची चालू असलेली बाजू थोडी वर गेली. तू लावण्याकडे बघत होतास. चाक फिरल्यावर तू पोरांकडे असंच बघायचास.

मी ते सगळं पुन्हा बोलायला हवं होतं. हाच तो हात, ह्याला समजत होतं. पण तुझी पकड बघून मला वाटलं, आता काय, उद्या बोलू. सिस्टरांनी आम्हाला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तू गेलास.

त्यानंतर एकच गोष्ट माझ्या डोक्यात फिरत होती. माझी सगळी शरणागती मी एका बधिर हाताला सांगितली. जिवंत हात पलीकडे मोकळा पडला होता, आणि मी त्याच्याकडे पाठ करून बोलत होतो म्हण ना.

तुला अक्कलकोटच्या पुढे तुझ्या गावी नेलं, तुझ्या शेतात. तुमच्याकडे माणसाला आडवं करून पाठवत नाहीत हे मला माहीत होतं, बघितलं नव्हतं. तुला बसवलं होतं. खांद्यावरून न्यायच्या, फुलांनी सजवलेल्या विमानात, ताठ, कपाळाला विभूती, मांडी घातलेली. मला वाटलं, आता म्हणेल, नाटक्या, पाठीमागं सरक, पोरांना दिसू दे. पोरं एसटीने आली होती, धोट्याचा टॉवेल गुंडाळलेला जुना रूळ पिशवीत घालून. तो तुझ्याजवळ ठेवावा का हे विचारायची त्यांना हिंमत झाली नाही, तशीच परत घेऊन गेली.

तुला खाली समाधीच्या खड्ड्यात घेतलं आणि तसंच बसवलं. मी तुझ्या बरोबर समोर उभा होतो. विधी करणाऱ्या जंगमांनी तुझ्या गळ्यातलं लिंग काढलं आणि तुझ्या मेहुण्याला म्हणाले, "येडगैयाग इडु."

मी दचकलो. इथे कोण कुणाला येडं म्हणतंय? मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. म्हणाल्या, "डाव्या हातात ठेव म्हणतायत, भावजी." मग म्हणाल्या, "त्या दिवशी हे पण तेच म्हणत होते. तुम्ही एवढं हसत होता, मला सांगवेना."

डावं. तू मला डावं म्हणत होतास. हाताला समजत नव्हतं, पण मी कुठे बसलोय ते तुला समजलं होतं. मी चुकीच्या अंगाला बसलोय, एवढंच तू सांगत होतास, ओठ वळत नव्हते तरी, आईच्या भाषेत, दोनदा. म्हणजे तू ऐकत होतास. म्हणजे बाकीचंही तू ऐकलं असशील.

अर्थात येडासुद्धा म्हणाला असशील. दोन्ही एकाच शब्दात उरकायची संधी तू सोडणारा नव्हेस.

मेहुण्याने तुझी बोटं एकेक करून उघडली. तीच बोटं, जी मी दाबत बसलो होतो आणि जी हलत नाहीत म्हणून तुझ्यावर रागावलो होतो. त्या तळहातावर त्यांनी तुझं लिंग ठेवलं आणि बोटं पुन्हा मिटली. काम करायला उजवा, हा धरायला, असं तूच म्हणाला होतास. मी जे काही त्या हातात ठेवून गेलो होतो, त्याच्यावरच ते ठेवलं गेलं.

मी तुझ्या समोर उभा होतो, मल्लू. जंगम डावा हात म्हणाले, आणि पहिल्यांदाच मी विचारलं नाही, कुणाचा.